दुधातला पिवळा ठिपका

आमच्या घरी दही लागलं नाही, ही त्या सकाळी नवऱ्याच्या बढतीपेक्षा मोठी बातमी होती. बढती नुकतीच झाली होती आणि माझ्या सासूबाईंनी "बरा झाला" म्हणून तो विषय दोन शब्दांत मिटवला होता. दह्यावर मात्र त्या चहा गार होईपर्यंत बोलत राहिल्या.

"बघ गो, बघ," म्हणत त्यांनी पातेलं माझ्या नाकाखाली धरलं. आत दूध होतं. रात्री विरजण लावलेलं, सकाळी जसंच्या तसं दूध. वर थोडी साय, खाली पातळ पांढरं. वासही धड आंबट नव्हता. "इतकी वर्सा दही लावतंय. माझ्या हातान कधी असा झाला नाय."

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या मालवणच्या बाजूच्या. लग्न होऊन आल्या त्या लालबागच्या खोलीत, आणि गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी सगळं बिऱ्हाड घेऊन बोरिवली पूर्वेला. तेव्हापासून आमचं दूध दहिसरकडच्या एका तबेल्यातून येतं. मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना कॅन लटकवून एक भैया रोज पहाटे येतो. पिशवीचं दूध आईंना चालत नाही. ते त्यांच्या मते मेलेलं दूध.

पहिल्या दिवशी दोष हवेला गेला. दुसऱ्या दिवशी आईंनी शेजारणीकडून नवीन विरजण आणलं, पातेलं कणकेच्या डब्याशेजारी उबेला ठेवलं. नाही लागलं. मग पातेलं बदललं. तरी नाही. नवरा म्हणाला, "आई, विकत आणू ना दही, त्यात काय एवढं?" आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो डबा उचलून ऑफिसला गेला. न लागलेल्या दुधाची एकदा त्याने कॉफी करून घेतली आणि कडू झाली म्हणून माझ्यावर चिडला. आईंनीही बोट बुडवून चाखलं. "कडवट लागता. म्हशीन कायतरी खाल्ल्यान असतला." ते दूध मग जिन्याखालच्या मांजरांना जाऊ लागलं.

घरात तेव्हा दुसरीही एक काळजी होती. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, छातीचा संसर्ग झाला होता. उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली, कापसाचा भुगा छातीत गेलेला, त्यामुळे खोकला त्यांचा जुनाच सोबती. पण या वेळचा खोकला वेगळा होता. बोलता बोलता दम लागायचा, संध्याकाळी अंग कढत व्हायचं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात ढगासारखा डाग दिसला, आणि कॅप्सूल लिहून दिल्या, रोज रात्री जेवणानंतर एक. खोकला हलायला तयार नव्हता. डॉक्टर म्हणाले, पुढच्या भेटीपर्यंत उतार पडला नाही तर अ‍ॅडमिट करून इंजेक्शनं द्यावी लागतील. ते ऐकल्यापासून बाबा गॅलरीतल्या खुर्चीत नेहमीपेक्षा जास्त गप्प बसायचे.

दह्याबद्दल मी एकदा जेवताना बोलून गेले. "आई, जनावराला अँटिबायोटिक दिलेलं असलं ना, तर त्याचा अंश दुधात उतरतो. दही लावणारे जंतूच मरतात मग."

मला वाटलं होतं, ही नुसती माहिती आहे. आईंसाठी तो निकाल होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्यात आवाज चढले तेव्हा मी दात घासत होते. बाहेर आले तर आई दारात, माप हातात, आणि दोन पायऱ्या खाली भैया.

"तू म्हशीक औषध देतंस आणि ता दूध आमका घालतंस!"

"मांजी, कसम से, एक भी भैंस बीमार नहीं है."

"मग दही कित्या लागत नाय?"

"बाकी सब के घर में लग रहा है!" भैयाचाही आवाज आता चढला होता. पन्नाशीचा माणूस, एरवी मान खाली घालून दूध ओतून जाणारा. मला बघितल्यावर तो माझ्याकडे वळला. "भाभी, आप तो दवाई की लैब में हो ना? टेस्ट करा लो. मेरे सामने बोतल भरो. कुछ निकला तो मैं इस बिल्डिंग में पैर नहीं रखूंगा."

आता माघार कशी घेणार? मी आत जाऊन एक स्वच्छ बाटली आणली. त्याने कॅनमधून तिच्यात दूध ओतलं, झाकण स्वतः घट्ट लावलं आणि पुन्हा एकदा पिळून बघितलं. रात्रीच्या पातेल्यातलं न लागलेलं दूध मी दुसऱ्या बाटलीत भरलं. एकीवर चिकटपट्टी लावून "भैया" लिहिलं, दुसरीवर "पातेलं".

मी अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. कंपन्या औषधांचे नमुने पाठवतात. वेष्टनावर जे लिहिलंय तेच आत आहे का, आणि जितकं लिहिलंय तितकं आहे का, हे आम्ही बघतो. हे सांगायला सोपं आहे. पण त्या दिवशी माझी खरी परीक्षा मेट्रो स्टेशनवरच झाली.

बॅग यंत्रातून गेली आणि सुरक्षेवाल्या बाईंनी हात वर केला. "बाटल्या काढा मॅडम. काय आहे?"

"दूध."

"दोन बाटल्या?"

"हो."

"पिऊन दाखवा."

मी म्हटलं, "अहो, हे तपासायला नेतेय. यात काय आहे तेच माहीत नाही."

हे उत्तर किती वाईट आहे ते मला तोंडातून निघाल्यावर कळलं. मागच्या रांगेतला एकजण दोन पावलं मागे सरकला. बाईंनी झाकण उघडून वास घेतला, माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "तपासायला म्हणजे भेसळ?"

"दही लागत नाहीये," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "आमच्याकडे पण परवा नाही लागलं," त्या म्हणाल्या, आणि मला सोडलं. वर जाताना मागून हाक आली, "काय निघालं ते सांगा हां!"

प्रयोगशाळेत माझ्या वरच्या मॅडम आहेत. निवृत्तीला आलेल्या, बोलायला फटकळ, कामाला चोख. बाहेरचा नमुना आत आणायचा म्हणजे त्यांची परवानगी हवी. मी सगळी हकीकत सांगितली.

"कंपनीच्या वेळेत नाही," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत कर. आणि उघड्या खोक्यातल्या प्लेटा घे, नवीन फोडू नकोस." मग चष्म्यावरून बघत, "सासूसाठी करतेयस की भैयासाठी?"

"दह्यासाठी," मी म्हटलं.

मोठ्या यंत्रांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण टीएलसीला, म्हणजे पातळ थरावर पदार्थ वेगळे करायच्या चाचणीला, यंत्र लागतच नाही, म्हणून ती मला पहिल्यापासून आवडते. हाताएवढी पत्र्याची प्लेट, तिच्यावर सिलिकाचा पांढरा पातळ थर, बोट घासलं तर रांगोळीसारखा निघेल असा. खालच्या कडेजवळ पेन्सिलीने हलकी रेघ मारायची. त्या रेघेवर केसासारख्या बारीक काचेच्या नळीने नमुन्यांचे ठिपके द्यायचे, शेजारी शेजारी. मग झाकणाच्या काचेच्या भांड्यात तळाशी थोडं द्रावण घालून त्यात प्लेट उभी करायची. द्रावण थरातून वर चढू लागतं आणि ठिपक्यांतले पदार्थ आपल्याबरोबर ओढत नेतं. प्रत्येक पदार्थाची चाल वेगळी. कोणी झरझर वर जातो, कोणी खालीच रेंगाळतो. ज्याची ओळख आपल्याला आधीपासून आहे तो शेजारच्या रांगेत सोडायचा. दोघे एकाच उंचीवर थांबले, तर बहुधा दोघे एकच.

दूध तसंच लावता येत नाही. मी दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं दूध आम्ल घालून फाडलं, चोथा गाळून काढला आणि निवळ पाणी घेतलं. डबा उघडून एका हाताने पोळीभाजी खात (अर्थात दुसऱ्या खोलीत, मॅडमना ते दिसलं असतं तर माझी वाट लागली असती) प्लेट चढायची वाट बघितली. वाळवली. काळ्या पेटीत ठेवून अतिनील दिवा लावला.

भैयाची रांग अंधारी होती. पातेल्याच्या रांगेत पिवळा उजेड होता.

तपासणी करताना काहीतरी निघेल असं वाटत असतं, पण खरंच निघालं की वेगळं वाटतं. तो उजेडही ठिपक्यासारखा गोल नव्हता. खालपासून वरपर्यंत ओढलेली लांब शेपटी होती.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "अँटिबायोटिकच. टेट्रासायक्लिनचं घराणं," त्या म्हणाल्या. "ही मंडळी धातू दिसला की त्याला मिठी मारतात. सिलिकात कणभर धातू असतोच, त्याला धरत धरत वर जातात, म्हणून शेपटी. प्लेटवर आधी धातू बांधणारं मीठ फवार."

ते मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. फक्त आपल्या घरातल्या पातेल्यात ते घराणं निघेल असं डोक्यात नव्हतं.

संध्याकाळी बाकीचे गेल्यावर दुसरी प्लेट केली. फवारली, वाळवली. या वेळी शेजारी ऑक्सिटेट्रासायक्लिन लावलं, कारण गुराढोरांना बऱ्याचदा तेच देतात. गोल, नीट ठिपके आले. ऑक्सिटेट्रासायक्लिन खाली थांबलं. पातेल्यातला ठिपका त्याच्या बराच वर.

"जनावराचं नाही," मी मोठ्याने म्हटलं.

"घाई करू नकोस. ते एक औषध नाही, एवढंच म्हण," मॅडम म्हणाल्या. पर्स खांद्याला अडकवून त्या निघाल्याच होत्या, पण निघाल्या नाहीत. "घराण्यातले बाकीचे लाव."

कपाटातून साधं टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन काढलं आणि तिसरी प्लेट लावली. डॉक्सिसायक्लिन आणि आमचं पातेलं एकाच उंचीवर येऊन थांबले. खात्रीसाठी दोन्ही एकाच ठिपक्यावर एकावर एक दिले. फुटले नाहीत, एकच ठिपका राहिला.

डॉक्सिसायक्लिन. हे नाव मी कुठे वाचलं होतं ते आठवायला मला वेळ लागला नाही. आमच्या फ्रीजवर, चुंबकाखाली अडकवलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. बाबांची कॅप्सूल.

मी मॅडमना सांगितलं. "चमचा असेल," मी म्हटलं. "आई त्यांना कॅप्सूल दुधाबरोबर देतात. कॅप्सूल गरम पडते असं त्यांचं म्हणणं. बाबा ती फोडून दुधात ढवळत असतील आणि तोच चमचा विरजणाला."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "चमच्याला लागलेलं किती असेल?"

"अगदी थोडं."

"मग हे किती आहे?"

मी पुन्हा दिव्याखाली वाकले.

"ठिपका दिसला की तुमचं समाधान होतं. काय आहे ते कळलं. किती आहे ते कोण सांगणार?"

खरं तर प्रकाश कमी झाला होता आणि मला घरी जायचं होतं. पण आता मलाही राहवेना. आई दही लावतात त्या पातेल्यात दूध किती मावतं हे मला पक्कं माहीत होतं. भैयाचं स्वच्छ दूध उरलं होतं, ते इथे कामाला आलं. त्यात डॉक्सिसायक्लिन मोजून घातलं: एका भागात इतकं की जणू पातेल्यात अख्खी कॅप्सूल पडली आहे, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात पाव, चौथ्यात चमच्याला चिकटेल तेवढं. सगळे भाग पातेल्याच्या दुधासारखेच फाडले, गाळले, म्हणजे गाळताना जे हरवतं ते सगळ्यांचं सारखंच हरवेल. मग एकाच प्लेटवर ओळीने सगळे, मध्ये आपला नमुना आणि कडेला भैयाचं काही न घातलेलं दूध.

दिवा लावला. चमच्याचा ठिपका दिसतोय न दिसतोय असा. पावाचा फिकट. अर्ध्याचा बरा. आमच्या पातेल्याचा ठिपका अख्ख्या कॅप्सूलच्या शेजारी ठेवला तर कोणता कोणाचा हे सांगता येऊ नये, इतका सारखा.

मॅडमनी बघितलं. मग मला बाजूला करून पुन्हा बघितलं. "पूर्ण कॅप्सूल आहे गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "म्हणजे त्यांच्या पोटात काहीच जात नाहीये."

मी मोबाइलवर प्लेटचा फोटो काढला.

घरी पोचले तेव्हा आई खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या, नवरा यायचा होता. बाबा गॅलरीत. मी चप्पल काढून सरळ त्यांच्या शेजारच्या मोड्यावर बसले आणि मोबाइल पुढे केला.

"बाबा, हे बघा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काय ता? चांदण्या?"

"तुमची कॅप्सूल आहे. दह्याच्या पातेल्यात सापडली."

ते फोटोकडे बघत राहिले. मग खोकला आला, नेहमीचा लांब. तो थांबेपर्यंत मी पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मशिनीत दिसता ह्या?"

"दिसतं. किती आहे तेही दिसतं. तुम्ही कॅप्सूल दुधात टाकून ते दूध पातेल्यात ओतता?"

"मग काय मोरीत ओतू? दूध आसा ता."

मला हसू आलं आणि रागही आला. मी विचारत होते औषध का घेत नाही, आणि ते सांगत होते दूध का टाकलं नाही. आयुष्यात त्यांनी ताटातला कण टाकलेला मी बघितला नाही.

"बाबा, घेत का नाही?"

समोरच्या इमारतीत कोणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या झाल्या. मग ते बोलले, हळू आणि मालवणी सोडून, जसं ते डॉक्टरांशी बोलतात.

"पहिली कॅप्सूल घेतली ना, ती इथं अडकली." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "दूध घोटभरच घेतलं होतं आणि तसाच आडवा झालो. मग जी आग सुरू झाली. मला वाटलं हार्ट आहे. गिरणीत आमच्या खात्यातला एकजण असाच छाती धरून बसला होता, बसला तो बसलाच. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. म्हटलं, जातोय वाटतं."

"उठवायचं ना कोणाला तरी!"

"उठवून काय? तुम्ही उचलून आयसीयूत टाकलं असतं." ते थोडे हसले. "सकाळी बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती कॅप्सूल हातात घेतली आणि घशाने नकोच म्हटलं. फोडून दुधात टाकली तर कडू जहर. ही समोर बसलेली असते. सिरियल सुरू झाली की उठते, तेव्हा मग..." त्यांनी हाताने ओतल्याची खूण केली. "तुला खरं सांगू? गोळी मला लहानपणापासून गिळता येत नाही. गिरणीच्या दवाखान्यातल्या गोळ्या ही गुळात कुटून द्यायची. आता या वयात सगळ्यांना काय सांगायचं, मला गिळता येत नाही म्हणून?"

मी म्हणाले, "डॉक्टर तुम्हाला अ‍ॅडमिट करणार आहेत. औषध लागू पडत नाही असं समजून."

"म्हायत आसा," ते म्हणाले, पुन्हा मालवणीत शिरत. "त्याचाच घोर लागलो हा."

दारात आई उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. हातात प्रसादाची वाटी. मला वाटलं आता रडारड होणार. आईंनी वाटी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा विरजण बरोबर होता!"

मग मात्र त्या खाली बसल्या आणि बाबांना असं काही बोलल्या की ते सगळं लिहिता येणार नाही. मालवणीत ते छान वाटतं, कागदावर नाही. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी कांद्याच्या टोपलीकडे बघून पुसले, जसा काही कांदा चिरत होत्या. अचानक थांबून म्हणाल्या, "आणि ती मांजरा? त्यांका काय होतला?"

"काही नाही होणार," मी म्हटलं, खात्री नसताना. जिन्याखाली जाऊन बघून आले. मांजरं झकास होती.

दुधाबरोबर हे औषध द्यायचं नसतं, हेही त्यांना सांगावं लागलं. दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, शरीराला ते मिळत नाही. "माका वाटला, गरम पडतला," आई एवढंच म्हणाल्या. बाबांनी लगेच त्यांची बाजू घेतली. "ती काय डाक्टर आसा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. आत शिरताच बाबांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः सांगितलं, "डॉक्टर, मी औषध घेतलंच नाही." डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले, मग छाती तपासून म्हणाले, अ‍ॅडमिटचं राहू दे, हीच कॅप्सूल आता नीट घेऊन बघू. जेवल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून, आणि नंतर बराच वेळ आडवं व्हायचं नाही. पुन्हा छाती जळली किंवा दुखली तर लगेच फोन करायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचं नाही. दूध मध्ये कुठेच नको.

राहिला प्रश्न गिळण्याचा. जेवणाच्या टेबलाशी शाळा भरली. आधी साखर लावलेली रंगीत बडीशेप, एकेक दाणा, पाण्याबरोबर. मग साबुदाणा. मग चिकट नसलेली छोटी रेवडी, अर्धी करून. नवरा समोर बसून प्रत्येक दाण्याला टाळी वाजवायचा, शेवटी बाबांनी त्याला उठवून लावलं. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते, त्यामुळे मान मागे टाकली की ती पुढेच राहते. मान जराशी पुढे झुकवून गिळली की तरंगत मागे जाते. गोळीचं तसं नाही, ती जड, पाण्यात बुडते. हे मी त्यांना पेल्यात एक कॅप्सूल सोडून दाखवलं. त्यांनी बोटाने ती दाबून बघितली. वर आली. "होडी कशी," ते म्हणाले. मग दुसरी घेतली, मान झुकवली, पाणी प्यायले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"गेली?" आईंनी विचारलं.

त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

ताप आधी उतरला. खोकल्याने वेळ घेतला, पण कमी होत गेला, आणि पुढच्या फोटोत छातीचा तो ढग विरळ झालेला दिसला. जुना खोकला आहे अजून. तो राहीलच.

भैयाचं काय करायचं हे आईंना ठरवावं लागलं. त्याने दूध बंद केलं नव्हतं, फक्त वर यायचं बंद केलं होतं. वॉचमनकडे दूध मापून ठेवून जायचा. माफी मागणं आईंच्या स्वभावात नाही. त्या पहाटे स्वतः खाली गेल्या आणि म्हणाल्या, "वर ये, घावणे केलंय." तो आला. दारातच उभा राहिला, तर त्याला आत बसवलं. नारळाच्या रसाबरोबर घावणे खाताना त्याने मला विचारलं, "भाभी, टेस्ट का क्या हुआ?"

मी मोबाइलवरचा तोच शेवटच्या प्लेटचा फोटो दाखवला. "ही रांग तुमची."

"इसमें तो कुछ नहीं है."

"तेच तर. काही नाही निघालं."

त्याने फोटो मोठा करून आपली काळी रांग नीट बघितली. "कागज मिलेगा क्या? कस्टमर को दिखाने के लिए?" कागद मिळणार नाही म्हटल्यावर फोटो तरी पाठवा म्हणाला. माझ्या माहितीप्रमाणे तो फोटो दहिसर ते बोरिवली बऱ्याच दारांत दाखवला गेला. "ये वाला हमारा. एकदम खाली!" त्या मेट्रोच्या बाईंनाही मी निकाल सांगितला. त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे कोणाची कॅप्सूल?" ते मला माहीत नव्हतं. हवा असेल, म्हटलं.

बाबा आता संध्याकाळी खाली जातात. सोसायटीच्या बाकावर त्यांच्या वयाची मंडळी बसते. आपली गोष्ट ते तिथे कधी सांगतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी सांगितली, थोडं मीठमसाला लावून, आणि त्यात मी काळ्या पेटीत डोकं घालून बसलेली एक मोठी शास्त्रज्ञ आहे. गोष्ट संपली म्हणे. मग दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, मी प्रेशरची गोळी मनीप्लांटमध्ये टाकतो. रिटायर्ड बँक मॅनेजर म्हणाले, माझ्या सोफ्याच्या गादीखाली बघाल तर.

परवा मी ऑफिसातून येत होते तर बाकाशी गर्दी दिसली. मध्ये बाबा, हातात पाण्याची बाटली आणि बडीशेपेची पुडी. बँक मॅनेजर समोर उभे, तोंडात दाणा, डोळे मिटलेले.

"मान मागे कित्या टाकतंस रे?" बाबा ओरडत होते. "आधी सांग, तुझी गोळी आसा की कॅप्सूल?"